पालकांचा नकार

नाही, बसा तुमी, पन चहा नाही टाकत मी. लगन होऊन या घरात आली तवापासून तुमच्यासमोर डोईवरचा पदर नाही ढयू देला, दादा, तुमी भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ म्हनून — आज तोंडावर बोलून राह्यली, तं आयकून घ्या. नातीसाठी नंबर पायजे न हैदराबादच्या दवाखान्याचा? हाय माझ्यापाशी. देते म्हनलं का मी? हाय म्हनलं.

पाच वर्साआधी आपुन एकाच घरात होतो — आठवते? माझी योगिनी अकरा वर्साची. दिवसा अंधुक-अंधुक दिसे तिले, अन् दिवेलागन झाली का भिताडाले हात लावत चाले. तुमच्या भावानं अन् मी हैदराबादले नेली तिले, रगत तपासलं. डॉक्टरीनबाई म्हने, डोयाच्या मांगच्या पडद्यातला एक जीन जन्मापासून खराब हाय, पन त्याच्यावर औषध निंघालं. एका विषानूतलं रोगाचं समदं काढून टाकतात, त्यात चांगला जीन भरतात, अन् केसाएवढ्या सुईनं पडद्याखाली सोडतात. तो आतल्या पेशीत शिरते, अन् पेशी कामाले लागते. पन पेशी जिती पायजे — वायल्या झाडाले कितीबी पानी घाला, काय होते? वर्साच्या आत करा म्हने. तारीख ठरली का आमी फोन करतो, नंबर द्या म्हने. तुमच्या भावानं कोनाचा देला? तुमचा. मोठा भाऊ! माझ्यापाशी कुठं फोन होता तवा.

रोज इचारो मी — दादा, फोन आला का? तुमी हात धुता-धुता म्हना, 'मोठे दवाखाने हायत बापा, आपल्यासारख्याले विसरतात; बोलावल्याबिगर गेलं तं उभंबी करत नाहीत.' अन् मी तुमच्या ताटात भाकर वाढो. गरम, तव्यावरची!

मांगच्या साली परत गेलो न आमी, आपल्या हिमतीनं. बाईनं योगिनीचे डोये मशीनीत पायले. मंग म्हने, औषध सोडाव कशात, पेशीच नाही राह्यल्या. तुमी तवा नाही काहून म्हनलं? मी म्हनलं, कोन नाही म्हनलं? तिनं फाइल काढून वाचून दाखवली — पालकांचा नकार. तीनदा फोन केला, तिसऱ्या खेपेले जगदेव नावाच्या मानसानं सांगतलं, आमाले पोरीचं काही कराचं नाही, परत फोन करू नोका. तुमचा भाऊ पोरीले घेऊन बाहेर बसला होता म्हून वाचले तुमी. त्याले अजून नाही सांगतलं मी. कुऱ्हाड घेऊन आला असता.

काहून केलं तेबी मालूम हाय मले. तुमच्या पोराची, हरीओमची सोयरीक जुयत होती. मी तुमच्या मामाची पोरगी, अन् तुमच्या हरीओमले माझ्या भावाची पोरगी. बाईनं फोनवर तुमालेच बजावलं होतं — हे रगतातून येते, नात्यात सोयरीक कराच्या आधी समद्यायचं रगत तपासा. तपासलं असतं तं लगन मोडलं असतं, पार धनज गावापर्यंत बोभाटा झाला असता. लगन थाटात झालं. अन् मंग तुमची नात झाली, संस्कृती.

पुसा डोये. माझ्यासमोर नोका रडू. 'चार वर्साच्या लेकराचा काय गुन्हा' म्हनता? अकरा वर्साच्या लेकराचा काय होता? तिले रंग दिसत होते, दादा. माझं लुगडं दुरून ओयखे. आता सोया वर्साची हाय, अन् मले इचारते, मा, तुह्ये केस पांढरे झाले का?

तुमाले गेल्या हप्त्यात समजलं न, का नातीले ताटातला घास सापडत नाही म्हून? मले होयीच्या सनापासून मालूम हाय! शिरपूरले, एका लगनाच्या मांडवात — दिवस बुडला, पोट्टे धिंगाना घालून राह्यले, अन् तुमची संस्कृती एकटी जागच्या जागी, हात पुढं करून. मी ओयखलं. माझ्या घरात तेच पायलं होतं मी. तोंडाशी आलं माझ्या — अन् गियलं. म्हनलं, जाऊ दे. याच्याबी नातीचे दिवस असेच जाऊ दे. आठ महिने गप राह्यली मी, दादा, लेकरू माझ्या वट्ट्यावर खेये अन् मी पाहो. तुमी वर्सं खाल्ली, मी आठ महिनेच —

कोन हाय? योगिने? कवापासून उभी हायस दारात?

नाही वो बाई, तसं नाही. तू आत जा. मी सांगनारच होती त्याइले, आज ना उद्या… हो. आठ. होयीपासून. संस्कृती तुह्याच मांडीवर बसते, मले काय दिसत नाही का — योगिने, आयकून तं घे —

काय सांगून राह्यली त्याइले? नंबर? तुले पाठ हाय?

लिवा, दादा. ती सांगते तसं लिवा. सात नाही, नऊ म्हनली ती. नीट लिवा. झालं? मंग उठा, वाशीमले जा, भेटन ते गाडी पकडा, लेकराले घेऊन आजच निंघा. माझ्या दारात परत येऊ नोका. जा.

योगिने. गेले वो ते. बोल न.