धोंडूबाईची लाथ

पालथा पड रं नामा, पालथा! आणि कण्हू नको, लोधिवलीच्या नाक्यापर्यंत ऐकू जातंय — पाठीत उसण भरलीय तुझ्या, बाळंत नाय होत तू. मी पायाळू, पायांकडून जन्मलेली. माझी लाथ बसली की उसण गेली, हे सगळा खालापूर तालुका जाणतो. काय? मारत का नाय? मारते रं! पाय काय मुसळ हाय, उचललं की हाणलं? — आता कुणाला बोलू नको, पण गेल्या सुगीत भाताच्या भाऱ्यांची उडवी रचताना वरून पडले ना, तेव्हापासून माझीच कंबर धरलीय. जगाला लाथ मारणारी मी, मला कोण मारणार? स्वतःची लाथ स्वतःच्या कंबरेला पोचते का? नाय पोचत. बघितलं करून.

म्हणून गेले कर्जतला, त्या मुंबईच्या डॉक्टरकडे. मनाचा डॉक्टर! सुई नाय, गोळी नाय, नुसता विचारतो — बाई, दुखायला लागलं की मनात काय येतं? म्हटलं, तुझा बाप येतो! हसला मेला. म्हणतो, कंबर कधीच भरून आली, पण मेंदू अजून भ्यालाय. कारखान्यातली आग विझली तरी पहारेकरी भोंगा दाबून बसावा, तसा. मी उठलेच तिथनं — माझं दुखणं खोटं म्हणतोस? तर म्हणतो, खोटं नाय, भोंगा खराच वाजतोय, पहारेकऱ्याला समजवायचं. रोज पाय थोडा उचला, श्वास सावकाश घ्या आणि म्हणा, आग नाय. नुसत्या बोलण्यानं दुखणं जातं काय रं कधी? थोतांड! — हल्ली झोप लागते मला, ती गोष्ट वेगळी. परवा भाताची पाटी पण उचलली. पण लाथेला पाय उचलायचा म्हटलं की छातीत धडधडतं. आणि नाय उचलला, तर उद्यापासून धोंडूबाईच्या दारात कोण येईल? कोंबडी पण नाय.

तू पड गुमान. श्वास घे माझ्याबरोबर, सावकाश... आग नाय... आग नाय... आता बघ, उचलते — अरं! उठलास कशाला? काय? दुखायचं थांबलं? असं कसं थांबलं, मी अजून पाय लावला नाय! आणि वाकून चपला पण घालतोस? मेल्या, नुसत्या बोलण्यानं बरा होतोस, माझ्या दारात? पड खाली! नाय पडत? थांब, हाणतेच तुला —

बसली?

कुठं बसली ते नको सांगू. दुखलं? — तुला नाय विचारत रं, मलाच विचारतेय.

नाय दुखलं.

बघतोस काय? गावात सांग, धोंडूबाईच्या लाथेनं उसण गेली. त्या डॉक्टरचं नाव काढलंस तर दुसरी बसेल. नीघ!