घाटावरचा चिरका आवाज

परवाची गोष्ट सांगते. यात्रेच्या गर्दीत रामघाटावर चुकलेल्या माणसांची अनाउन्समेंट करायला आमच्या फ्रीगंजच्या ऑफिसनं एक यंत्र बनवलंय. आत एआरएम चिपचा बोर्ड, म्हणजे छोटासा कॉम्प्युटरच. कर्नेलला, म्हणजे त्याच्या मूळ सॉफ्टवेअरला, साउंड चिप चालवायला शिकवणारा ड्रायव्हर मी लिहिलेला. घाटावर आमच्या छत्रीखाली पहिल्यांदा चालू केलं, तर आवाज दीडपट वेगानं आणि चिरका. ड्रायव्हरमध्ये आवाजाचा वेग ठरवणारा क्लॉकचा आकडा चुकला होता.

"मॅडम, ये तो कार्टून बोल रहा है," माझा सहकारी मनोज म्हणाला.

मी लॅपटॉप उघडला, तेवढ्यात एक आजी आल्या. गर्दीत आजोबांचा हात सुटला होता. दोघांत मोबाइल एकच, तो आजींच्या पिशवीत.

"आजी, जरा थांबा. आवाज बिघडलाय, ते ओळखणार नाहीत."

"तोवर ते कुठल्या कुठे जातील," म्हणत त्यांनी माइक घेतला. "अहो, मी इथे माइकवाल्यांच्या छत्रीखाली उभी आहे. किती वेळा सांगितलं, दुकानं बघत मागे राहू नका. ऐकतच नाही तुम्ही."

घाटभर एक लहान पोरगी रागावल्यासारखं वाटलं. लोक हसले. मला मात्र हसू येईना, कारण आजींनी नावसुद्धा घेतलं नव्हतं.

थोड्या वेळानं आजोबा गर्दीतून वाट काढत आले.

डोळे पुसत आजींनी विचारलं, "आवाज ओळखलात?"

"आवाज कुणा पोरीचा होता," आजोबा शांतपणे म्हणाले. "रागावणं तुझं होतं."