पार्सल अजून आलं न्हाई

माझं माहेर नांदूरघाट आन सासर चौसाळा, म्हणजे काय लई लांब दिलं न्हाई मला. वडलांचं नांदूरघाटला चहाचं हाटेल होतं, हाटेलात एक काळा फळा, चहा, भजे, शेवचिवडा, आज काय हाय ते लिहायला, आन ते लिहायचं काम माझ्याकडं, कारण दादाचं अक्षर लई किडमिडं. मी भजे लिहिलं की खाली भजे काढायची, रंगीत खडूनं, मंग समोर बसलेल्या गिऱ्हाइकाचं तोंड काढायची. गिऱ्हाईक खूश व्हायचं आन वडील ओरडायचे की आगं त्या तोंडापायी चहाचा भाव पुसलास. मला लहानपणापासून बसवत न्हाई ताई, हाताला चाळा पाहिजे, आत्ता बी बघा, तुमच्याशी बोलायले आन हा दोरा उगंच गुंडाळायले. तुमी लिहा, मी गुंडाळते.

लग्न झालं तवा दहावीचा निकाल बी लागला न्हवता. आमच्या ह्यांचं हायवेला वेल्डिंगचं दुकान हाय, ट्रॉल्या, गेटं, खिडक्यांच्या जाळ्या. घरात सासू, त्यांना मी आत्याबाई म्हणते. आत्याबाई म्हणजे कामाच्या बाई, सकाळी उठल्या की त्यांचा हात थांबत न्हाई, आन दुसऱ्याचा थांबलेला त्यांना खपत न्हाई. मी शिलाई मशीन घेतली, झंपर शिवायला लागले, ते त्यांना पटलं, मशीनचा आवाज येतोय ना. चित्राला आवाज न्हाई. मी कागद घेऊन बसले की म्हणायच्या, काय रिकामी बसलीस गं. मी म्हणायची आत्याबाई मी काम करायले, त्या म्हणायच्या हे काम आसतंय व्हय. लई वर्षं हेच. त्यांच्या बोलण्यात राग बी नसायचा, म्हणून तर मला जास्त लागायचं.

मंग शेजारची कौसाबाई वारली. तिच्या पोराकडं आईचा फोटो कुठला, आधार कार्डावरला तेवढा, तो स्टुडिओवाल्यानं मोठा केला तर नुसता धूर. तो माझ्याकडं आला, म्हणला वहिनी, तुमी माझी आई रोज बघितलीय, तुमी काढा. मी पोरांच्या दप्तरातले तेलकट खडू घेतले आन काढली, पण गालाचा उतार जमंना, रंगाचे ढेकळं बसायले. दोन दिवस मला जेवण गोड लागलं न्हाई. शेवटी उठले आन बीडला गेले, तिथं जलीलचाचांचं वह्यापुस्तकांचं दुकान हाय. चाचांनी माझं चित्र उन्हात धरलं, म्हणले बेटी, ये तेलवाला है, तेरेकू सूखा पेस्टल होना, खडूसारखं आसतंय, बोटानं चोळलं की पसरतंय, पण इथं न्हाई भेटायचं, पुण्याहून पार्सलनं मागवावं लागंल. त्यांनीच मला पुण्याच्या दुकानाचा नंबर दिला.

फोनवर एक पोरगी. म्हणली मॅडम, चेहऱ्यासाठी पाहिजे का देखाव्यासाठी. मी म्हणलं चेहऱ्यासाठी, तर तिनं चेहऱ्याची पेटी पाठवून दिली. उघडली तर सगळी गुलाबी. आता काय सांगू तुम्हाला, आमच्या चौसाळ्यात इतकं गुलाबी फक्त जन्मलेलं लेकरू आसतंय, ते बी थोडेच दिवस. मी फोन लावला, म्हणलं बाई, मला भाकर तव्यावर जरा जास्त राहिल्यावर पडतोय ना तो रंग पाहिजे, आन चिंचंच्या टरफलाचा पाहिजे. ती हसली, म्हणली मॅडम नंबर सांगावा लागतो, आन रंगाचा तक्ता मोबाईलवर पाठवला. मोबाईलवर एक रंग दिसतो आन पेटीतून दुसराच निघतो. एकेक कांडी मागवून मागवून शिकले मी, कौसाबाई पुरी केली, मंग गावातले बाकीचे बी आपल्या गेलेल्या माणसाचं चित्र मागायला यायला लागले. आता मलाच फोन येतेत, कुठून मागवायचं म्हणून. मी सांगते, चेहऱ्याची पेटी घेऊ नका, सुट्ट्या कांड्या घ्या, पांढरा जास्त घ्या, तो आधी संपतोय, आन पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, न्हाईतर मोडकं बदलून देत न्हाईत. आमचा व्हिडिओ हे काढतेत, निम्म्या व्हिडिओत ह्यांचं काळं बोटच आसतंय.

आन ती वाट बघणं. मला ते सोसतच न्हाई. पत्ता वेल्डिंगच्या दुकानाचा दिलाय, कारण घर कुणाला घावत न्हाई. पार्सल निघालं म्हणून मेसेज आला की मी शंभरदा मोबाईल बघणार, आज नगरला हाय, आज बीडला हाय, मंग दोन दिवस बीडलाच, कावून बीडलाच. शिवता शिवता उठायचं, सडकंवर जाऊन यायचं, ह्यांना विचारायचं आलं का. हे म्हणायचे आगं आल्यावर मी काय दाबून ठेवणार हाय का. मेलेल्या माणसाचं अर्धं तोंड घरात ठेवून बसवत न्हाई ओ, एका बाजूचा गाल झालाय आन दुसऱ्या बाजूला नुसता कागद.

तर पाटोद्याचं काम आलं. गावाबाहेरचं पहिलंच. तिथली एक बाई, नवरा टेंपो चालवायचा, वारला. दसऱ्यानंतर चार दिवसानं त्याचं वर्षश्राद्ध, त्या दिवसाला चित्र पाहिजे, बारका फोटो तेवढा दिला. हे म्हणले, बघ, बाहेरगावचं काम हाय, वेळंवर दिलं तर नाव होईल, न्हाईतर सोड हा नाद आन मशीनच चालव. हे तसे वाईट न्हाईत, पण बोलले. मी मुद्दाम नव्या कांड्या मागवल्या, आल्या, तोंड निम्मं झालं, आन खंडेनवमी आली.

तुमच्याकडं करतेत का माहीत न्हाई, आमच्याकडं खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतेत, हळदकुंकू वाहतेत, मंग त्या दिवशी त्यांना हात लावायचा न्हाई. मी झेंडूची फुलं आणायला गेलते. येऊन बघते तर पाटावर ह्यांचा हातोडा, पकडी, विळा, खुरपं, माझी कात्री, आन सगळ्यांच्या पुढं तांब्याच्या ताटलीत माझे पेस्टल. धुतलेले. सूखा पेस्टल तो, पाणी लागलं की माती. निम्मे विरघळले, निम्मे एकमेकाला चिकटले, मोरीत निळं तांबडं पाणी, आन वरून हळदकुंकवाची बोटं. आत्याबाई हात पुसत म्हणल्या, हातोडा त्याचं हत्यार, मंग हे तुझं हत्यार न्हाई का गं, पण किती मळवलं होतंस, सगळ्यात जास्त मळ ह्यालाच, निघतच राह्यला.

 पाटोद्याचं काम गेलं, आन त्याच वेळी आतून इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मला कळंना मी कुठं जाऊन उभं राहावं. हत्यार म्हणल्या त्या. ज्या बाईनं माझ्या चित्राला कधी काम म्हणलं न्हाई, तिनं सगळ्यांच्या पुढं मांडलं, आन मांडताना घालवलं.  पुण्याला फोन लावला, दुकान बंद, दसऱ्याची सुट्टी. दिवसभर त्या पाटाभोवती फिरत राह्यले, हात तर लावायचा न्हाई.

दसऱ्याच्या सकाळी आत्याबाईंनीच विचारलं, कावून गं, कालपासून तोंड आसं. मंग सांगितलं. त्यांनी ताटली पुढं ओढली. म्हणल्या, कशाचं आसतंय हे. मी म्हणलं माती, रंग, जरासा डिंक. म्हणल्या, मंग मळू की. पाय लांब करून बसल्या, आन शेवया बोटवे वळतेत तसं तो चिखल तळहातावर वळायला लागल्या. मी चमच्यानं रंग येगळे केले, होतील तेवढे. पत्र्यावर उन्हात वाळवले, आत्याबाई काठी घेऊन कोंबड्या हाणत बसल्या. कांड्या टणक झाल्या, कागदावर खरखर करायच्या, पण उमटायच्या. चित्र एका बाजूला मऊ आन एका बाजूला खरबरीत झालं. काच बसवून घेतली आन निघाले. आत्याबाई म्हणल्या मी येते, माझ्यामुळं झालंय, कोणी बोललं तर मी ऐकीन.

पाटोद्यापर्यंत त्यांनी ती फ्रेम येष्टीत मांडीवर धरली. तिथं गेलो, त्या बाईनं फ्रेमवरचं फडकं काढलं, आन ताई, तिनं पहिल्यांदा डोक्यावर पदर घेतला. नवरा घरात आल्यावर घेतेत तसा, न ठरवता, हात आपोआप गेला. मंग लई वेळ बघून म्हणली, मिशी एवढी पातळ न्हवती. मी तिथंच बसून, काच काढून, मिशी दाट केली. खरबरीत बाजूचं कोणी बोललंच न्हाई. आत्याबाई भिंतीला टेकून सगळं बघत होत्या.

येताना येष्टी मांजरसुंब्याला थांबली. मंग म्हणल्या, माझं बी काढ. मी म्हणलं आत्याबाई कायतरीच. म्हणल्या, कायतरीच न्हाई, मी गेल्यावर कोणीबी आधार कार्डावरलं काढंल, त्यात मी भेदरलेली हाय, तो फोटो काढणारा पोरगा सारखा म्हणत होता हलू नका हलू नका, मी आशी भेदरट हाय का, तू मला बघून काढ. मी म्हणलं बरं, रंग मागवते, आल्यावर काढू.

आन मागवला. ह्या बारीला फोनवर पोरीला सगळे नंबर न अडखळता सांगितले, आत्याबाईंच्या कपाळाचा, हाताचा, पांढऱ्या केसाचा.

तवापासून त्या रोज दुपारी हिरवं लुगडं नेसतेत आन ओट्यावर येऊन बसतेत, हलत न्हाईत, ज्या बाईचा हात कधी थांबला न्हाई ती हात मांडीवर ठेवून बसतेय. विचारतेत, आलं का गं. मी म्हणते न्हाई आलं. मंग लुगडं सोडतेत, घडी घालतेत, उद्या परत. पार्सल कवाच आलंय ताई. मशीनखाली चिंध्यांच्या गठुड्यात ठेवलंय, फोडलं बी न्हाई. मला भ्या वाटतंय. आजवर ज्याला ज्याला मी काढलं तो आधीच गेलेला होता. आन काढायचं म्हणजे नीट बघावं लागतंय, नीट बघितलं की दिसतंय, गालाची हाडं वर आलीत, मनगट माझ्या दोन बोटात मावतंय, एवढ्यात कवा झाल्या ह्या इतक्या बारीक. जोवर वाट बघायच्यात तोवर बसतील की ओट्यावर. हे म्हणतेत कावून खोटं बोलायलीस, मी म्हणलं मंग तुमी खरं सांगा, तर ते बी सांगंनात.

चहा घ्या, निवायला. जाताना त्या बाहेर ओट्यावर दिसतील, हिरव्या लुगड्यात, त्यांना भेटल्याशिवाय जाऊ नका, त्यांना माणूस लागतंय बोलायला. शहरातली बाई म्हणून तुम्हाला विचारतीलच, पुण्याहून पार्सल यायला एवढा उशीर लागतोय का म्हणून. तवा तेवढं म्हणा, हो, लागतोय.