जावयासमोर टाकलेला बर्फ

वाईनच्या दुकानात मी फक्त सोडा आणायला गेलो होतो. यावर घरच्यांचाही विश्वास बसलेला नाही. रांगेत माझ्यापुढे खिशात पान्हा खोचलेले एक प्लंबरकाका होते आणि गल्ल्यावर दुकानाच्या मालकीणबाई.

“ताई, सगळ्यात भारी बाटली द्या. जावई जेवायला येतोय.”

“भारीच कशाला, काका?”

“मागच्या खेपेला माझी पार शोभा झाली हो. त्याने चांगली तांबडी वाईन आणली होती. मला ती तुरट लागली, म्हणून मी सगळ्यांदेखत तीत बर्फ टाकला. वर साखर ढवळली.”

“अगं बाई!”

“लेकीने कपाळाला हात लावला. जावई मोठ्या हॉटेलात वाईनचाच जाणकार आहे, त्याचं पोट त्यावर चालतं!”

“मग तो काय म्हणाला?”

“त्याने स्वतःच्या ग्लासातही बर्फ टाकला आणि म्हणाला, ‘बाबा, साखरेचा डबा जरा इकडे सरकवा.’”

“काका, असा जावई दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.”

“म्हणूनच आज त्याच्या तोलामोलाची बाटली हवी.”

“मग ही साधी तांबडी न्या. ग्लासात बर्फ टाका, वाईन ओता, थोडा सोडा, चमचाभर साखर, आणि वरून संत्र्याची फोड पिळा. झालं झकास कॉकटेल.”

“म्हणजे तेव्हा माझं चुकलं नव्हतं?”

“चुकलं होतं की! संत्रं राहिलं होतं.”