गव्हाणी रिकामी ठेवायची असते

आई: ...तर चर्चचं बाजूचं दार उघडलं, दिवा लावला. आधी खिडक्या, मग केर. वेदीवरचं जांभळं कापड झटकून सरळ केलं, मेणबत्त्यांच्या वातींची काजळी खुडली. तोवर गव्हाणीकडे पाहिलंसुद्धा नाही मी. पाहायचंच नाही असं ठरवून केर काढत होते.

सून: आणि?

आई: आणि काय! होतंच. पेंढ्यात नीट निजवलेलं. इकडे मरिया, तिकडे योसेफ, आणि मध्ये बाळ. नाताळ अजून लांब आहे, आगमनकाळाची तिसरी मेणबत्तीसुद्धा लावून झालेली नाही, आणि बाळ आपलं हजर.

सून: चहा घालू अजून?

आई: घाल. अर्धाच. मी काल सकाळी ते उचलून कपाटात ठेवलं होतं. परवाही ठेवलं होतं. रोज मी कपाटात ठेवायचं आणि रोज कुणीतरी ते परत गव्हाणीत निजवायचं. माझ्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलाय, नुसता मंजूर व्हायचा बाकी आहे. त्यात हा रोजचा खेळ.

सून: म्हणून आज घरी घेऊन आलात?

आई: म्हणून नाही. डाग पडलाय त्याच्यावर, साबणाच्या पाण्यानं पुसावा म्हटलं. हे बघ, इथे पिशवीत आहे. जुनं लाकूड आहे, जपून काढ.

सून: राहू दे पिशवीत. नंतर बघू.

आई: बरं. राहू दे.

सून: लोक काही म्हणाले का?

आई: लोक म्हणायचे थांबलेत कधी? काल ती नियमावली भेटली.

सून: कोण?

आई: अगं, आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. गायनवृंदातल्या बायका तिला नियमावलीच म्हणतात. सरावाच्या आधी सगळ्यांसमोर मला म्हणाली, "काय हो किल्लीबाई, तुमच्या चर्चमध्ये देव मुदतीआधीच जन्माला येतो वाटतं?"

सून: मुदतीआधीच.

आई: बोलून गेली आणि मग जीभ चावली तिनं. सगळ्या बायका एकदम गाण्याच्या वह्या चाळायला लागल्या. खरं सांगू, तिच्या बोलण्यापेक्षा ते जीभ चावणंच मला जास्त लागलं.

सून: मला सवय झाली आहे आई. मी खोलीत शिरले की बोलणी थांबतात. शाळेत तर शिक्षकांच्या खोलीत एक बाई आपल्या मुलाच्या दातांबद्दल सांगत होत्या, मला पाहिलं आणि थेट परीक्षांच्या वेळापत्रकावर गेल्या. मधे पूलसुद्धा बांधला नाही.

आई: म्हणून माहेरी जातेस?

सून: म्हणूनच असं नाही.

आई: बॅग भरलेली पाहिली मी. उद्याची सकाळची बस ना? नाताळ तिकडे करते म्हणालीस, ते ठीक आहे. परत कधी येणार, ते काही म्हणाली नाहीस.

सून: मला अजून माहीत नाही.

आई: माझ्या लेकाला सांगितलंस?

सून: बसचं सांगितलं. "बरं" म्हणाला. तीन महिने झाले, आमचं सगळं बोलणं "बरं"वर संपतं. तो डेपोतल्या रात्रपाळीहून येतो तेव्हा मी उठलेली असते, मी झोपते तेव्हा तो निघालेला असतो. त्यानं मागून घेतली ही पाळी. मला वाटतं, मुद्दाम.

आई: फादरांना विचारलं मी, या बाळाचं काय करायचं.

सून: काय म्हणाले?

आई: आधी खोकले. त्यांच्याकडे तीन चर्च, एक मोटार आणि एकच फुप्फुस असल्यासारखं चाललंय सगळं. मग म्हणाले, "जो कुणी ठेवतो, त्याला ओरडू नका. पण नाताळपर्यंत गव्हाणी रिकामीच राहू द्या. या दिवसांतली आपली प्रार्थना तीच आहे." मी म्हटलं, फादर, ओरडायला मला माणूस तर सापडू द्या. तर हसले आणि मोटारीकडे गेले.

सून: म्हणजे त्यांना काही माहीत आहे?

आई: त्यांना नसेल. मला मात्र वाटतंय, मला माहीत आहे. आणि आता तू उद्या चाललीस म्हणून विचारते, नाहीतर विचारलं नसतं. किल्ल्या दोनच आहेत. एक फादरांकडे, दुसरी त्या खुंटीवर. मी टांगताना दोरीचा दुहेरी वेढा देते, वर्षानुवर्षांची सवय आहे. या दिवसांत रोज सकाळी वेढा एकेरी असतो.

सून: आई...

आई: मी रागावले नाही गं. तुझ्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं कदाचित. पोटचं गेलं, आणि समोर मांडून ठेवलेली रिकामी गव्हाणी रोज बघायची. कुणाला सहन होईल? मला फक्त एवढंच वाटत होतं, तू मला सांगावंस. मी दार लावून घेतलं असतं, तू पाहिजे तितका वेळ बसली असतीस.

सून: मी ठेवत नाही.

आई: बरं, नाही तर नाही.

सून: तुमचा विश्वास बसत नाही. पण मी का ठेवीन? मी तर ती रिकामी बघायला जाते.

आई: रिकामी?

सून: कशी सांगू... ज्याला त्याला मला लवकर भरून टाकायचं आहे. पुढच्या वर्षी होईल. अजून तरुण आहात. देवाची इच्छा. आवळेजावळे होतील बघ. माझ्या आईनं तर फोनवर डॉक्टरीणबाईंचं नावसुद्धा सांगून ठेवलंय. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी फादर म्हणाले ना, जो येणार आहे त्याची जागा दुसऱ्या कशानं भरू नका, रिकामी आहे ती रिकामीच धरून ठेवा. मला वाटलं, या साऱ्या गावात तेवढी एक गव्हाणी माझ्याशी खोटं बोलत नाही. सगळे लोक तिच्यासमोर गुडघे टेकतात आणि कुणी तिला म्हणत नाही की अजून कशी भरली नाहीस. म्हणून जाते मी. संध्याकाळी, सगळ्यांसारखी, पुढच्या दारानं. किल्लीला मी हात लावलेला नाही.

आई: ...आणि मी बाई इतके दिवस तुझ्यासमोर गव्हाणीचा "ग" काढत नव्हते.

सून: माहीत आहे. तुम्ही पाळणाघराच्या रस्त्यानंसुद्धा मला नेत नाही. लांबचा वळसा घालता, गुडघे दुखत असताना.

आई: मग कोण गं? फादर तर नाहीत. भिंतीतून शिरणारं कोण?

सून: द्या ती पिशवी इकडे.

आई: जपून. डाग टाचेवर आहे. मला वाटलं मेणबत्तीची काजळी असेल, पण पुसली जाईना. चिकट आहे.

सून: काजळी नाही ही.

आई: मग?

सून: वास घ्या.

आई: अगंबाई.

सून: ग्रीस. आणि हा अंगठ्याचा ठसा पाहा. मधून आडवी रेघ गेली आहे, कापल्याची खूण. बसखालचा जॅक निसटून कापला होता तुमच्या लेकाचा, लग्नाच्या आधीच्या आठवड्यात. फोटोत पट्टी दिसते.

आई: पण तो कशाला... तो तर चर्चमध्येसुद्धा मागच्या बाकावर बसतो, प्रार्थना संपायच्या आत बाहेर. मी त्याला "चल, गव्हाणी मांडायला हात लाव" म्हटलं तर म्हणाला, वेळ नाही. डेपोतून परत येताना... हो, रस्ता चर्चवरूनच आहे. किल्ली रात्री जाताना नेत असणार आणि मी उठायच्या आत टांगत असणार. आणि मी तुझ्यावर ठपका ठेवून बसले!

सून: ठपका कुठे, चहा पाजत होतात.

आई: मी विचारते त्याला. आजच विचारते. उठू दे.

सून: नको.

आई: का नको?

सून: तुम्ही विचारलंत तर तो "बरं" म्हणेल, किल्ली ठेवून देईल, आणि संपेल. आई, हे बाळ आज माझ्याकडे राहू दे. डाग पुसू नका. आणि आज किल्ली नेहमीसारखीच टांगा.

आई: आणि उद्याची बस?

सून: तुम्ही दुहेरी वेढा द्या, एवढंच.

(दुसऱ्या दिवशी पहाटे. चर्चच्या बाजूच्या दाराची पायरी.)

मुलगा: कोण आहे तिथे?... तू?

सून: मीच.

मुलगा: इतक्या थंडीत? आई बरी आहे ना?

सून: बरी आहे. झोपेचं सोंग घेऊन पडली आहे. मी निघाले तेव्हा कूस बदलली, डोळे मात्र उघडले नाहीत.

मुलगा: तुझी बस आहे ना आज? मीच पाहिलं तिचं इंजिन मघाशी. ठीक आहे. वाटेत बंद पडायची नाही.

सून: माझ्याशिवायही बंद पडायची नाही. दार उघड. किल्ली आहे ना खिशात?

मुलगा: कसली किल्ली?

सून: अरे, तुझ्या आईला दोरीचा वेढासुद्धा कळतो. उघड. पाय गारठलेत माझे.

मुलगा: ...थांब, दिवा लावतो. रागावलीस?

सून: नाही. का ठेवतोस, तेवढं सांग.

मुलगा: त्या पहिल्या रविवारी सगळे उठून गेले, आईनं मेणबत्ती विझवली, तरी तू तिथेच. गव्हाणीकडे बघून रडत होतीस. मला वाटलं, रिकामी आहे म्हणून. मला दुसरं काही करता येत नव्हतं. एवढं येत होतं.

सून: विचारलं असतंस.

मुलगा: कसं विचारायचं? बस बंद पडली तर मला कळतं, आधी काय उघडायचं. इथे कळत नाही. काहीतरी उघडलं आणि परत बसवता आलं नाही तर?

सून: मला ती रिकामीच हवी होती. तिच्यासमोर रडता येत होतं, म्हणून रडत होते. इतकंच.

मुलगा: म्हणजे मी रोज...

सून: रोज. सगळ्यांसारखा तूही ती भरून टाकत होतास, आणि आईचे गुडघे मोडत होतास.

मुलगा: आणि ती? कपाटात ठेवत होती?

सून: रोज. आणि संशय माझ्यावर.

मुलगा: देवा! ...हसतेस?

सून: थोडंसं. बस इथे. हे घे.

मुलगा: काय आहे? ...अगं, हे तुझ्याकडे कसं?

सून: धर. टाचेवर तुझा अंगठा आहे.

मुलगा: हात धुऊन येतो. खरंच, डेपोत साबण संपलाय—

सून: राहू दे. तसंच धर.

मुलगा: ...किती होती गं ती? एवढी?

सून: याहून लहान. याला कोरलेले केस आहेत, तिला खरे होते. काळे, ओले. मूठ मिटलेली. नाक तुझं.

मुलगा: नर्सनं मला विचारलं होतं, बघायचं का. मी नको म्हणालो. फादरांच्या मोटारीत पेटी मांडीवर धरली, पूर्ण रस्ता. इतकी हलकी. झाकण उघडायला हात गेला नाही. तेव्हापासून रात्री झोप नाही, म्हणून रात्रपाळी मागितली. झोप नाहीच, तर निदान काम तरी.

सून: मला वाटलं, मला टाळायला.

मुलगा: तुलाही. तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं की वाटायचं, हिनं तिला पाहिलंय आणि मी नाही.

सून: आणि मला वाटायचं, याला ती कुठे आहे माहीत आहे आणि मला नाही. मी तेव्हा खाटेवर होते. मला कुणी नेलंच नाही नंतर. सगळे म्हणाले, सावकाश, बरी हो आधी.

मुलगा: दफनभूमीत, मागच्या भिंतीशी. नळ आहे ना, त्याच्या पलीकडे. मी दगड लावलाय एक. नाव नाही घातलं, तुला विचारल्याशिवाय कसं घालणार?

सून: उजाडलं की नेशील?

मुलगा: नेईन. पण तुझी बस—

सून: गेली ती. ऐकू आली मला, वळणावर गिअर बदलताना. माहेरी फोन करून सांगते, नाताळनंतर बघू. आणि मी आईला घेऊन येणार आहे इथे, नाताळच्या आदल्या संध्याकाळी. बाळ गव्हाणीत ठेवायला. त्याच्या वेळेला.

मुलगा: मी आलो तर चालेल? ठेवायला?

सून: पुढच्या बाकावर बसायचं असेल तर.

मुलगा: बसेन. ...आता हे परत कपाटात ना?

सून: हो. तोवर गव्हाणी रिकामी ठेवायची असते.

मुलगा: गुंडाळायचं कसं? मी नुसतं काढत होतो आणि निजवत होतो.

सून: कपाटातलं ते फडकं तिरकं पसर. हं. एक टोक वर दुमड. आता उचल त्याला.

मुलगा: असं?

सून: एका हातानं नाही. डोक्याखाली हात घे.