प्रस्थान भोपाळला

(फेब्रुवारी १९५७. विमानतळावरची तिकीट-खिडकी.)

जयसिंगराव : गेल्या वैशाखात आमच्या कमलचं लग्न झालं, तेव्हा भोपाळ दुसऱ्या राज्यात होतं. आता राज्यं एक झाली, तीच आपली राजधानी, आणि तू म्हणतोस चाळीस मिनिटं? दिवाकर, शेजारच्या यशोधराबाईंचा मुलगा म्हणून विचारतो, खरं सांग.

दिवाकर : खरंच काकाजी. हवेतून शंभर-एक मैल. तिकिटं झाली, सामान द्या, वजन करतो.

शांता : सामान तुझ्याकडेच आहे रे. गुरुवारी हे इथं ठेवून गेले होते. लाल फडक्यातलं गाठोडं.

दिवाकर : बाकाखालचं? ते तुमचं होतं?

जयसिंगराव : प्रस्थान होतं ते. आज शनिवार, पूर्वेला दिशाशूल, तिकडं निघणं वर्ज्य. म्हणून गुरुवारी मुहूर्तावर गाठोडं घराबाहेर काढलं. म्हणजे मी गुरुवारीच निघालो. आज ते नुसतं उचलायचं आणि पुढं जायचं.

दिवाकर : काकाजी, मला वाटलं कोणी पॅसेंजर भूल गया. वर चिठ्ठी होती, तुकोजीराव जगदाळे, भोपाळ. मी त्याच दिवशी विमानात चढवून दिलं.

शांता : अगबाई. म्हणजे तुम्ही गुरुवारीच पोहोचलात.

जयसिंगराव : हसू नकोस. प्रस्थान उचलल्याशिवाय निघता येत नाही.

दिवाकर : तर भोपाळला उचला ना.

जयसिंगराव : भोपाळला जायला आधी निघावं लागेल.

शांता : आणि निघायला भोपाळला जावं लागेल. छान.

जयसिंगराव : घोड्यावर चार मुक्काम पडायचे. देवास, सोनकच्छ, आष्टा, सीहोर. काय बोलायचं ते ठरवायला वेळ मिळायचा माणसाला. चाळीस मिनिटांत काय ठरवणार?

शांता : आलं बघ बाहेर. दिवाकर, दिशाशूल वगैरे काही नाही. यांचं त्या चिठ्ठीवरच्या धाकट्या भावाशी बोलणं बंद आहे. कमलच्या लग्नात भाऊजी व्याह्यांसमोर बोलून गेले, दादा होळकरांच्या फौजेत होते खरे, पण घोड्यांच्या चाऱ्यावर.

जयसिंगराव : भर पंगतीत.

शांता : खोटं बोलले का?

जयसिंगराव : खोटं असतं तर केव्हाच माफ केलं असतं.

शांता : अहो, डॉक्टरांनी भाऊजींचा आठवडाच उरलाय म्हणून सांगितलंय. हे विमान चुकलं तर पुढचं मंगळवारी.

दिवाकर : काकाजी, शिडी काढायला पाच मिनिटं आहेत. ही बघा त्या गाठोड्याची पावती. आमच्या ऑफिसात कागद म्हणजेच सामान. ही उचला.

जयसिंगराव : चालेल?

दिवाकर : सरकारात तर चालतं.

जयसिंगराव : कोणत्या हातानं?

शांता : दोन्ही हातांनी. चला.

(महिन्याभरानं, त्याच खिडकीपाशी. भोपाळचं विमान नुकतंच उतरलं आहे.)

दिवाकर : काकूजी, गाठोडं मिळालं?

शांता : फडकं मिळालं. भाऊजींना तेलकट बंद होतं, तरी यांच्यासाठी बांधलेली लवंग शेव उशीखाली ठेवून संपवली त्यांनी. यांचा सदराही अंगात.

दिवाकर : आणि चाऱ्याचं मिटलं?

शांता : कसलं मिटतंय. नऊ दिवस भांडले दोघं. नर्स म्हणायची, बाबूजी, पेशंट को आराम करने दो. की भाऊजी तिलाच ओरडायचे, आप बीच में मत बोलिए.

जयसिंगराव : एक शब्द मागं घेतला नाही त्यानं.

दिवाकर : आता कसे आहेत?

जयसिंगराव : फेब्रुवारीच्या अठरा तारखेला, सोमवारी सकाळी, तुकोजी गेला.