जुना डबा, नवा डबा आणि आईचे कान

...आणि वर दुकानदार मला कसा म्हणतो, ‘साहेब, हा नवा रिसीव्हर घरी न्या, आठ दिवस ऐका, मग ठरवा.’ त्याचं काय जातंय? तुम्हाला सांगतो, त्या आठ दिवसांत माझी भूक मेली.

रिसीव्हर म्हणजे तो डबा हो, सिनेमाचा आवाज खोलीतल्या पाच स्पीकरांना वाटून देणारा. माझा जुना, तेरा वर्षांचा, उचलायला दोन माणसं लागतात, पण आवाज असा की सिनेमात दार वाजलं की बायको उठून आमची कडी बघून यायची. आणि हा नवा... हलका इतका की आत काही भरायचं राहून गेलंय की काय, आणि सोबतचं पुस्तक मात्र डब्यापेक्षा जड! मग काय, जुना की नवा?

आता गंमत बघा, मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासतो. दिवसभर लोकांना विचारतो, ‘हे स्पष्ट की हे?’ कुणी दोनदा चाचरलं तर मनात म्हणतो, काय माणूस आहे, एवढंसं ठरवता येत नाही. आणि घरी मी या तारा काढतोय, त्या जोडतोय, बायकोला विचारतोय, ‘हा बरा की हा?’ ती भाजी चिरता चिरता म्हणते, ‘मघाचा.’ अगं, मघापासून एकच लावलाय!

राहता राहिली आई. अठ्ठ्याहत्तर वय, कानानं कमी, पण यंत्राचं नाव काढलं की, ‘कानात बोंड घालून मी म्हातारी दिसेन.’ सिनेमाला आमच्यात बसायची, आम्ही हसलो की हसायची... अर्धा क्षण उशिरा. आम्हाला कळायचं, पण बोलायचं कोण?

रविवारी दुपारी नवा जोडला, बायकोनं ते पुस्तक उघडलं आणि म्हणाली, ‘यात नुसतं बोलणं वर आणायचं बटण आहे, दाबू?’ म्हटलं, दाब. सिनेमा चालू, नायकाचा काका काहीतरी पुटपुटला आणि आई हसली. आमच्या आधी. मग हळूच म्हणते, ‘हा एवढं बोलत होता होय? मला वाटायचं, नुसतं तोंड हलवतो.’

बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही, मी तिच्याकडे नाही. जुना की नवा? आता काय विचारायचं राहिलं होतं? संध्याकाळी जुना मेव्हण्याकडे पोचवला, दोघांनी मिळून उचलून, जिन्यात तीनदा टेकवत.

आता रिमोट आईकडे असतो. संध्याकाळी सहा ते दहा मालिका. खाष्ट सासू उजवीकडून ओरडते, सून मागून रडते, पाचही स्पीकर कामाला. आणि मी? मी स्वयंपाकघरात, स्टुलावर, मोबाइलवर सिनेमा बघतो... आवाज बारीक करून, कारण आई म्हणते, ‘तुझ्या खुडबुडीनं मला ऐकू येत नाही.’